एका बाकावरची मुले

ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांच्या पालखीचे देहूतून प्रस्थान होते. पहिला मुक्काम देहूतच, इनामदार वाड्यात. दुसऱ्या दिवशी पालखी आकुर्डीच्या वाटेला लागते आणि थोड्याच वेळात थांबते ती अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी. तिथे अभंग होतो, आरती होते आणि मग पालखी पुढे निघते. वाटेवरची ही पहिली अभंग-आरती. वारकऱ्यांना त्यात काही विशेष वाटत नाही, कारण ते असेच चालत आले आहे. आता आपल्या शाळांकडे पाहा. पिंपरी-चिंचवड, देहू, आळंदी, चाकण या पट्ट्यात आषाढीला बालदिंडी निघत नाही अशी प्राथमिक शाळा शोधावी लागेल. पांढऱ्या टोप्या, छोटी धोतरे, नऊवारी नेसलेल्या मुली, डोक्यावर तुळस, हातात टाळ. फोटो निघतात आणि संध्याकाळपर्यंत पालकांच्या ग्रुपवर पोचतात. पण पालखी पहिल्यांदा थांबते कुठे, हे त्या दिंडीतल्या किती मुलांना कोणी सांगितलेले असते?

सांगायच्या राहून गेलेल्या अशा गोष्टींतूनच या पुस्तकाचा विषय सुरू होतो. पहिली ते चौथीच्या मुलांना दुसऱ्या धर्माच्या माणसाबरोबर मोकळेपणाने आणि आदराने राहायला शाळा कशी शिकवू शकेल, हा तो विषय. तो जुना आहे आणि त्यावर भाषणेही भरपूर झाली आहेत. मात्र सहा-सात वर्षांच्या मुलासमोर उभे राहिल्यावर नेमके काय करायचे, काय बोलायचे आणि काय टाळायचे, याबद्दल आपल्याकडे फार कमी लिहिले गेले आहे.

हा पट्टा या विषयासाठी योग्य का, हे थोडे सांगायला हवे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. त्याच वर्षी, २५ डिसेंबरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. धर्मांतराला अजून जवळजवळ दोन वर्षे होती. त्याआधीच फाळणीत घरदार गमावून आलेली सिंधी कुटुंबे पिंपरी कॅम्पात स्थिरावत होती. चिंचवडला मोरया गोसावींची समाधी शतकानुशतके आहेच. मग साठच्या दशकात एमआयडीसी आली, बजाज आणि टेल्को आले, आणि कामगार येत राहिले: मराठवाड्यातून, विदर्भातून, केरळातून, पंजाबातून, पुढे उत्तर प्रदेश, बिहार आणि ओडिशातून. १९८२ साली महानगरपालिका झाली. शतकाच्या अखेरीस कारखान्यांची रांग चाकणकडे सरकली आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू होईपर्यंत खेड तालुक्यातली शेतकरी गावे भाडेकरूंची गावे होऊन गेली. आज इंद्रायणीच्या घाटावर छठपूजा होते, कॅम्पात चेटीचंदची मिरवणूक निघते, अय्यप्पाची देवळे आहेत, गुरुद्वारे आहेत, चर्च आहेत, मशिदी आहेत. मोठी माणसे आपापल्या वस्तीत, आपापल्या गावच्या मंडळात राहू शकतात. मुलांना ती सोय नाही. ती एका वर्गात, एका बाकावर बसतात. म्हणून हा प्रश्न इथे आधी शाळेच्या दारात येतो.

‘लहान मुलांना यातले काय कळते?’ असे अनेक शिक्षक म्हणतात. कळते, आणि आपल्याला वाटते त्याच्या खूप आधी कळते. लतिका गुप्ता यांनी दिल्लीत चार ते आठ वर्षांच्या हिंदू आणि मुस्लिम मुलांशी बोलून केलेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. आपण कोण आणि ते कोण, याची जाणीव या वयात मुलांना चांगलीच झालेली असते, असे त्यातून दिसले. नाझिया इरम यांचे मुस्लिम आयांच्या अनुभवांवरचे पुस्तक २०१७ मध्ये आले, त्यात नावाजलेल्या शाळांतल्या मुलांना वर्गमित्रांकडून काय ऐकावे लागते याची नोंद आहे. मुले हे शब्द स्वतः शोधून काढत नाहीत. जेवताना चाललेल्या बातम्या, रिक्षातले बोलणे, मोठ्या भावाचा मोबाईल, सोसायटीतल्या काकूंचे हळू आवाजातले वाक्य, हे सगळे ती ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बोलून पाहतात. शिक्षकाने कानाडोळा केला तर ते खरे ठरते.

‘आमच्या शाळेत आम्ही जातधर्म मानत नाही, आम्हाला सगळी मुले सारखी,’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक शाळेत ऐकायला मिळते. म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो. तरीही मला ते पुरेसे वाटत नाही. जिच्या घरी रमजानचे रोजे चालू आहेत, जिला पहाटे सहरीच्या गडबडीत जाग आली आहे, तिच्यासाठी तो दिवस सगळ्यांसारखा नसतो. तिला ते सांगायचे असते. ‘सगळे सारखे’ म्हणून आपण तिचे बोलणेच थांबवतो.

एका दुसरीच्या वर्गात हे पाहायला मिळाले. बाईंनी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला होता: ‘आज सकाळी तुमच्या घरी सगळ्यांत आधी कोण उठले आणि का?’ मुलांनी जोडी करून एकमेकांना सांगायचे, मग आपले नाही, जोडीदाराचे उत्तर वर्गाला सांगायचे. कुणाची आई पाणी भरायला, कुणाचे बाबा पहिल्या पाळीला, कुणाची आजी काकड्याला. खिडकीजवळच्या मुलाने जोडीदारणीचे उत्तर सांगितले, की हिची आई साडेतीनला उठली, कारण उजाडायच्या आत जेवायचे होते. मागून एकजण ओरडला, ‘दिवसभर पाणीसुद्धा नाही?’ मुलीने मान हलवली. ‘तुला तहान नाही लागत?’ ‘मी लहान आहे, मी नाही धरत. अम्मी धरते.’ मग एका मुलीने सांगितले की तिची आजीही निर्जळी एकादशी करते, आणि संध्याकाळी तिच्याजवळ जायचे नाही, ती चिडते. वर्ग हसला, रमजानवाली मुलगीही हसली. बाईंनी त्यावर एक शब्दही उपदेश केला नाही. घड्याळाचे चित्र काढून साडेतीन कुठे येतात ते विचारले आणि गणिताकडे वळल्या. सगळे मिळून दहा मिनिटे गेली असतील.

यात काय घडले ते बारकाईने पाहण्याजोगे आहे. त्या मुलीला कोणी ‘मुस्लिमांच्या वतीने’ उभे केले नाही. प्रश्न प्रत्येकाला होता. तिची गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून आली, म्हणजे त्या मुलाला ती नीट ऐकावी लागली. आणि वर्गातले कुतूहल दडपले गेले नाही.

याउलट, आपल्याकडे सर्वाधिक लोकप्रिय असलेला कार्यक्रम म्हणजे १५ ऑगस्टची वेशभूषा. एकाला गंध आणि फेटा, एकाला जाळीची टोपी, एकाला पुठ्ठ्याचा क्रूस, एकाला पगडी. चौघे हात धरून उभे राहतात आणि टाळ्या पडतात. मी या कार्यक्रमाच्या विरोधात आहे. धर्म म्हणजे पोशाख, हे त्यातून मुलाच्या मनावर पक्के बसते. वर्गातला मुस्लिम मुलगा रोज निळी हाफ पँट घालून येतो, त्या चित्रात तो कुठेच बसत नाही. त्यातही टोपी अनेकदा हिंदू मुलाच्याच डोक्यावर असते आणि खरा मुस्लिम मुलगा प्रेक्षकांत बसलेला असतो. वर्षातून एकदा हात धरण्यापेक्षा वर्षभर एका गटात विज्ञानाचा प्रयोग करणे कितीतरी मोलाचे आहे.

हे नुसते माझे मत नाही. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ च्या आपल्या ग्रंथात पूर्वग्रहाबद्दल जे मांडले, त्यावर नंतर जगभर काम झाले. नुसते जवळ राहून पूर्वग्रह जात नाहीत. समान पातळीवर, एकाच उद्दिष्टासाठी, एकमेकांच्या मदतीने काम करावे लागते आणि वरिष्ठांचा त्याला उघड पाठिंबा असावा लागतो, असे त्यांचे म्हणणे. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात, गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा नुकत्याच एकत्र झाल्यावर भांडणे होऊ लागली, तेव्हा एलियट ॲरन्सन यांनी एक साधी युक्ती केली. धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. बाकीच्यांना धडा पुरा हवा असेल तर त्या मुलाचे ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हते. आपल्या चौथीच्या परिसर अभ्यासातला कुठलाही पाठ असा वाटून देता येतो, त्याला पैसा लागत नाही.

महाराष्ट्रातही असा प्रयत्न झाला आहे, आणि तो इथून फार दूर नाही. पुण्याच्या शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने २००९ साली बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत ‘मूल्यवर्धन’ हा उपक्रम सुरू केला आणि पुढे राज्य सरकारच्या साथीने तो राज्यभर नेला. त्याचा पाया संविधानातली मूल्ये हा आहे. पद्धत आहे जोडीत बोलणे, गटात काम करणे, वर्गाचे नियम मुलांनीच ठरवणे. कुठल्याही धर्माचे नाव न घेता मुलांना ऐकून घ्यायची सवय लावणे हे त्याचे बळ. मला जाणवणारी त्याची मर्यादाही तिथेच आहे. सवय लागते, पण ‘ते लोक असे का करतात?’ हा मुलाचा थेट प्रश्न आला की शिक्षक पुन्हा एकटा पडतो. या पुस्तकाने पाऊल पुढे टाकले आहे ते तिथे.

इतिहासाच्या तासाला हा एकटेपणा सर्वांत जास्त जाणवतो. चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास शिकणे ही महाराष्ट्राची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे, आणि ती चांगली रीत आहे. चाकणच्या मुलांचे भाग्य असे की त्या इतिहासातला एक किल्ला त्यांच्या गावातच आहे. १६६० मध्ये शाइस्ताखानाने संग्रामदुर्गाला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर लोकांनिशी तो भुईकोट सुमारे दोन महिने लढवला. शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला आणि किल्ला पडला. नऊ वर्षांच्या मुलाला ही गोष्ट त्या तटाशी उभे राहून ऐकायला मिळावी, यापरता चांगला इतिहासाचा तास नाही.

पण गोष्ट सांगताना शिक्षकाच्या तोंडून ‘आपण’ आणि ‘मुसलमान’ अशी दोन सैन्ये उभी राहिली, की वर्गातली दोन-तीन मुले नकळत शत्रूच्या छावणीत जाऊन बसतात. मधल्या सुट्टीत लढाई खेळली जाते तेव्हा खान कोणी व्हायचे हे न विचारताच ठरते. यासाठी इतिहास सौम्य करायची गरज नाही. तो पुरा सांगायची गरज आहे. सैन्य मोगलांचे होते, आदिलशाहीचे होते, स्वराज्याचे होते. तशीच नावे घ्यावीत. शाइस्ताखानाच्या फौजेत मराठे सरदार होते, हे सांगावे. अफझलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता आणि प्रतापगडावर महाराजांच्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता, हे सांगावे. आरमारातला दौलतखान, महाराजांच्या सेवेतला काझी हैदर यांची नावे घ्यावीत. खाफीखान हा मोगलांचा इतिहासकार, महाराजांबद्दल कडवट लिहिणारा. पण मशिदींना, कुराणाला आणि स्त्रियांना धक्का लावायचा नाही असा त्यांचा सैन्याला दंडक होता, हे त्यालाही नोंदवावे लागले. चौथीच्या मुलाला हे सहज समजते. एवढे ऐकल्यावर वर्गातला कुठलाही मुलगा संग्रामदुर्ग माझा आहे असे म्हणू शकतो, आणि तो त्याचा आहेच.

कायद्याचा मुद्दा थोडक्यात, कारण शिक्षकांच्या मनात भीती आहे आणि ती निराधार नाही. जुलै २०२३ मध्ये तळेगावजवळच्या एका शाळेत, मुलांकडून ख्रिस्ती प्रार्थना म्हणवून घेतली जाते असा आरोप करत जमाव शिरला आणि मुख्याध्यापकांना मारहाण झाली. अशा घटनांनंतर ‘नको ती भानगड’ असे कोणालाही वाटेल. म्हणून हद्द कुठे आहे हे माहीत असणे हेच संरक्षण. संविधानाच्या २८ व्या कलमानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत ते पालकांच्या संमतीविना लादता येत नाही. पण धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांत फरक आहे. हा फरक १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने स्पष्ट केला आणि २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. व्यवहारात याचा अर्थ सोपा आहे. ईदला काय होते ते सांगा, नमाज पढायला लावू नका, नाटकातसुद्धा नाही. नाताळची गोष्ट सांगा, प्रार्थना म्हणवून घेऊ नका. हाच नियम बहुसंख्याकांच्या सणालाही लागू आहे, याचा मात्र आपल्याला सोयीस्कर विसर पडतो. आणि काय करणार आहोत हे पालकांना आधी सांगा. गुपचूप केलेल्या चांगल्या कामाचीही अफवा होते.

यासाठी वेळ कुठून आणायचा? परिपाठात संविधानाची उद्देशिका रोज म्हटली जाते. श्रद्धा आणि उपासना हे शब्द तिसरीतली मुले रोज एका सुरात उच्चारतात. महिन्यातून एका परिपाठाला फक्त या दोन शब्दांवर मुलांनी बोलावे, एवढी जागा सहज निघते. पोषण आहाराची पंगत तर रोजचीच. राज्याने नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्यातून एकदा अंडे किंवा केळे द्यायला सुरुवात केली आणि जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठीचा निधी थांबवला. त्या मधल्या काळात अंडे खाणारा आणि केळे खाणारा शेजारी बसून जेवत होते. अंडे गेले हे पोषणाचे नुकसान आहेच, पण माझ्या मते शिकण्याचेही आहे. आपल्याला वर्ज्य असलेले दुसऱ्याच्या ताटात पाहायचे आणि नाक मुरडायचे नाही, हे पंगतीत जितके सहज शिकता येते तितके कुठल्याच पाठात येत नाही. खासगी शाळांत हीच गोष्ट डब्याच्या रूपाने येते. ‘मांसाहारी डबा आणू नये’ अशी सूचना मुलांच्या डायरीत लिहिण्याआधी मुख्याध्यापकांनी शांतपणे विचार करावा, की यातून कोणत्या मुलाला कोणता निरोप जातो.

हे सारे आपल्याला बाहेरून आणावे लागत नाही. जोतीराव फुल्यांना पुन्हा शाळेत घालावे म्हणून त्यांचे वडील गोविंदराव यांचे मन वळवणाऱ्यांत गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब होते; एक मुस्लिम, एक ख्रिस्ती. पुढे सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकात, जे त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले, जोतीरावांनी एक कुटुंब कल्पिले, ज्यात बाई बौद्ध धर्म स्वीकारील, नवरा ख्रिस्ती होईल, मुलगी इस्लाम पत्करील, मुलगा सार्वजनिक सत्यधर्मी राहील, आणि तरी सगळे एका घरात प्रेमाने नांदतील. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी, पुण्यात बसून, एका माणसाने एका घरात चार श्रद्धा कल्पिल्या. साने गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये उपोषण केले आणि त्याच हातांनी इस्लामी संस्कृतीवरही पुस्तक लिहिले. विनोबांनी गीताईनंतर कुराणाचे सार काढले. मुलांना ही माणसे त्यांच्या जयंतीच्या भाषणातून भेटतात. त्यांनी केलेल्या या गोष्टींतून भेटली तर अधिक बरे.

एक अडचण मात्र कुठल्याही पुस्तकाने सुटणारी नाही. आपली मुले एका बाकावर बसतात असे वर म्हटले, ते सर्वत्र खरे नाही. पिंपरी-चिंचवड महापालिका मराठी, उर्दू, हिंदी आणि इंग्रजी माध्यमांच्या शाळा चालवते. भाषेच्या निवडीचा हक्क योग्यच आहे, पण त्याचा परिणाम असा होतो की अनेक मराठी शाळांत मुस्लिम मूल क्वचित दिसते आणि उर्दू शाळेतल्या मुलाला मराठी मित्र भेटतच नाही. या सगळ्या शाळांचा मालक एकच आहे. ‘आनंददायी शनिवार’ आता वेळापत्रकात आहे. जवळच्या दोन माध्यमांच्या शाळांनी महिन्यातला एक शनिवार मिळून घालवावा, खो-खोचे संघ मिसळून करावेत, विज्ञान प्रदर्शन एकत्र भरवावे. यासाठी नवा कायदा नको, नवी योजना नको. शिक्षण विभागाचे एक परिपत्रक पुरे. ते निघावे अशी माझी महापालिकेला आणि चाकण परिसरापुरती जिल्हा परिषदेलाही जाहीर विनंती आहे.

पुढच्या प्रकरणांत नावे, डबा, सण, इतिहास आणि मुलांचे अवघड प्रश्न यांवर वर्गात करायच्या गोष्टी दिल्या आहेत. त्या क्रमानेच कराव्यात असे नाही. आपला वर्ग आपल्यालाच ठाऊक असतो; जिथे अडले असेल तिथून सुरुवात करावी. पालकांनीही हे पुस्तक वाचावे, विशेषतः प्रश्नांचे प्रकरण, कारण ते प्रश्न आधी घरीच विचारले जातात.

शिक्षकांना एवढेच सांगतो. जूनच्या मध्यावर शाळा उघडतील आणि हजेरीपट हातात येईल. त्यातली काही नावे आपल्या जिभेला सवयीची नसतील. पहिल्या दिवसाच्या आधी ती मोठ्याने म्हणून पाहा, अडले तर त्या मुलाच्या आईला फोन करून विचारा, आणि पहिल्या हजेरीला प्रत्येक नाव त्याच्या घरी घेतात तसेच घ्या.